आमची वाटचाल : काकींचा अंगठा आणि पुरस्काराचा अर्ज

कुडाळहून आत वळलं की ओहोळाच्या अलीकडे पत्र्याची लांबट शेड दिसते, ती आमची. कोकमाची सोलं (वाळवलेली साल), आगळ (मीठ घातलेला रस), अमृत कोकम (साखरेतलं सिरप) आणि थोडं मुठेल (बियांचं तेल), एवढंच आम्ही करतो. मे महिन्यात चाळीस बायका असतात, एरवी अकरा माणसं. २००१ साली सासूबाईंची आडाळी (म्हणजे विळी), दोन पिंपं आणि बँकेचं साठ हजारांचं कर्ज एवढ्यावर सुरुवात केली. ती आडाळी अजून कामात आहे. तिच्या पाटाला उजव्या अंगाला खळगा पडलाय. आधी सासूबाईंच्या आणि नंतर आमच्याकडे फळं फोडणाऱ्या काकींच्या गुडघ्यानं तो घडवलाय.

पंचवीस हंगामांचं लिहून काढ, असं मुलगा म्हणाला. लिहायला बसले तर सगळ्यात आधी २००८ साल समोर उभं राहिलं.

त्या वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यातच वळीव लागला आणि रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, झाडावरच भिजले. भिजलेला रातांबा हाताला जड लागतो, पण तो भार पाण्याचा. आम्ही नेहमीच्या मापानं एक किलो सालीला दोन किलो साखर घातली, पिंपं लावली, आठ दिवस रोज ढवळलं, गाळलं, बाटल्या भरल्या. रंग इतका सुरेख उतरला होता की मी स्वतः चार गिऱ्हाइकांना फोन करून सांगितलं. जूनच्या शेवटी गिरगावातून फोन आला. "वहिनी, रात्री दुकान बंद केलं की तुमच्या बाटल्यांची झाकणं उडतायत." मग दादरहून, मग पुण्याहून, मग कोल्हापूरहून तेच. माल आंबला होता. दोनशे सत्तर पेट्या परत आल्या. अंगणात त्यांचा ढीग लागला, त्यावर माश्या घोंगावत होत्या, आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबून बघत होता.

शेजारच्या तालुक्यात एक व्यापारी आहे. नाव घेत नाही. त्यानं दुकानोदुकानी सांगितलं की ही बाई पाणी घालते. माझ्या मालात पाणी होतं हे खरं, पण ते पावसानं घातलेलं. हे मी कुणाकुणाला सांगत फिरणार होते? बँकेचा माणूस दोनदा येऊन गेला. यजमान एसटीत कंडक्टर होते. त्यांनी फंडातून पैसे काढले आणि एका शब्दानं मला काही बोलले नाहीत.

गिरगावच्या त्या दुकानदारांना आम्ही भाऊ म्हणतो. त्यांच्याकडे बत्तीस पेट्या होत्या. त्यांनी त्या परत पाठवल्या नाहीत. म्हणाले, "लक्झरीचं भाडं फुकट कशाला भरायचं? माल ओततो, बाटल्या धुऊन ठेवतो. पुढच्या हंगामात तेवढ्या भरून द्या." पैसेही कापले नाहीत. आज ऑनलाइन मागण्या येतात, परदेशात माल जातो, पण हंगामाची पहिली पेटी गिरगावला जाते. भाऊ आता दुकानात बसत नाहीत, त्यांचा मुलगा बसतो. पेटी पोचली की फोन मात्र भाऊंचाच येतो.

त्याच जुलैत जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातले अन्नतंत्रज्ञानाचे सर मोटारसायकलवरून आले. आमची सोलं त्यांच्या आई नेत असत, त्यांनीच धाडलं. पावसात निथळत आले, चहा नको म्हणाले, खिशातून बोटभर लांबीची नळी काढली. रसात साखर किती विरघळली आहे ते मोजणारा तो रिफ्रॅक्टोमीटर मी पहिल्यांदा पाहिला. शिल्लक राहिलेल्या एका पिंपातल्या वरच्या रसाचा थेंब त्यांनी काचेवर ठेवला आणि नळी उजेडाकडे धरली. अठ्ठावन्न टक्के. मग पळीनं तळाचा रस काढला. एकाहत्तर. सिरपमध्ये विद्राव्य घटक (विरघळलेली साखर वगैरे) पासष्ट टक्क्यांच्या खाली जाता कामा नयेत, हे आमच्या एफपीओच्या (फळप्रक्रिया परवान्याच्या) कागदातच लिहिलेलं होतं, आणि आम्ही अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये तार बघत होतो! साखर तळाशी बसली होती, वर पातळ रस राहिला होता, आणि आम्ही पिंपाला वरून तोटी लावून बाटल्या भरल्या होत्या.

सरांनी त्या दिवशी तीन गोष्टी सांगितल्या. साल निथळून, पंख्याखाली सुकवून मगच वजन करायचं. थेंब तीन जागचे घ्यायचे, वरचा, मधला, तळाचा, आणि तिन्ही आकडे जुळेपर्यंत ढवळायचं. आकडा अडुसष्टाच्या खाली असेल तर बाटली भरायची नाही, मग दारात टेम्पो उभा असला तरी. त्या दिवसापासून आजपर्यंत एक बाटली परत आलेली नाही. आकड्यांच्या सतरा वह्या कपाटात आहेत, कुणीही येऊन बघावं.

यात कुठे सामंजस्य करार नव्हता, फोटो नव्हता. सर दर शनिवारी यायचे. त्यांच्या खात्यात याची नोंद 'विस्तार कार्य' म्हणूनही झाली नाही, कारण त्यासाठी लागणारा फॉर्म आम्ही दोघांनीही भरला नव्हता.

मधली वर्षं बरी गेली. २०१६ साली सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानं भावात थोडा फरक पडला.

खरं काम झालं ते रातांबे कापायच्या यंत्राचं. रातांबा कापणं म्हणजे भाजी चिरणं नव्हे. साल जाडसर पण मऊ, आत गर आणि बिया. पातं खोल गेलं तर बी चिरते, तिचा पांढरा चुरा रसात उतरतो आणि आगळ गढूळ होतं. वरवर गेलं तर साल फाटते, मग सोलाला घडी बसत नाही. शिवाय कोकमाची आंबटाई आणि त्यात मीठ! साधं लोखंड लागलं की लाल रंग काळवंडतो. बाजारातली यंत्रं पेरूसाठी नाहीतर लिंबासाठी केलेली. त्यातलं एक आम्ही आणून बघितलं. काकींनी पहिली पाटी बघून सांगितलं, "वहिनी, ह्या चिरता बरा, पण सोला करूक नाय, गुरांक घालूक."

सरांनी शेजारच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांशी गाठ घालून दिली. त्यांनी शेवटच्या वर्षाचे चार विद्यार्थी पाठवले. तिघं दोन दिवसांत कंटाळून गेले, त्यांना दोष देत नाही, मे महिन्यात आमच्या शेडमध्ये उभं राहवत नाही. चौथा राहिला. देवगडकडचा मुलगा. त्यानं पहिले तीन दिवस काही केलं नाही, काकींच्या समोर पाटावर बसून त्यांचा हात बघत राहिला. मोबाइलवर चित्रण करायचा, रात्री हळूहळू लावून बघायचा. चौथ्या दिवशी मला म्हणाला, "मॅडम, काकी रातांबा कापत नाहीत. पातं जागेवर असतं, त्या अंगठ्यानं रातांबा फिरवतात." पंधरा वर्षं मी काकींच्या शेजारी बसले होते. मला ते दिसलं नव्हतं.

तिथून यंत्र उभं राहिलं. दोन पट्ट्यांमध्ये रातांबा गोल फिरतो, पातं एका बाजूनं फक्त सालीइतकं आत शिरतं, आडवी चीर पडते, दोन वाट्या वेगळ्या होतात, बी शाबूत राहते. पात्याची खोली स्क्रूनं बदलता येते, कारण मेच्या सुरुवातीच्या रातांब्याची साल आणि शेवटच्या तोडीची साल सारखी नसते. तो स्क्रू काकींनी मागून घेतला. पहिल्या नमुन्याला त्यानं ३०४ नंबरचं स्टील वापरलं होतं. एका हंगामात मिठानं त्याला बारीक खड्डे पडले. मग ३१६ चं केलं. महाग पडलं, पण तेच लावायला हवं. कोकमाच्या धंद्यात उतरणाऱ्यांनी स्टीलमध्ये पैसे वाचवू नयेत, हे लिहून ठेवते. आणि बाटलीवरचा स्टिकर छापायच्या आधी रिफ्रॅक्टोमीटर घ्या. आणि झाडं लावणार असाल तर बियांपासून लावू नका. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, रोप फुलावर येईपर्यंत सात-आठ वर्षं कळत नाही, आणि मग अर्धी बाग नराची निघते. मादी झाडाची मृदकाष्ठ कलमं (कोवळ्या रोपावर बांधलेली) घ्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं 'कोकण अमृता' ही जात दिली आहे.

यंत्र दोन हंगाम उत्तम चाललं. बघायला माणसं येऊ लागली. आम्ही कुणाला अडवलं नाही. तो शेजारच्या तालुक्यातला व्यापारीही आला, दोन माणसं बरोबर घेऊन. चहा प्याला, यंत्राचे चारी बाजूंनी फोटो काढले, पट्ट्यांमधलं अंतर माझ्या देखत वीतभर दोरीनं मोजलं.

पुढच्या वर्षी एका संस्थेनं उद्योग आणि शिक्षणसंस्था यांच्या सहकार्यासाठी पुरस्कार जाहीर केला. मला निमंत्रण होतं, प्रेक्षक म्हणून. काकींना घेऊन गेले. व्यासपीठावर शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह घेऊन उभा होता तो व्यापारी, शेजारी दुसऱ्याच एका महाविद्यालयाचे पदाधिकारी. मागच्या पडद्यावर यंत्राचा फोटो. पट्ट्या दोन, पातं एका बाजूला. स्क्रू तेवढा नव्हता. काकी माझ्या कानाशी म्हणाल्या, "आपलाच न्हय गो ता?" मी हो म्हटलं. त्या पुढे काही बोलल्या नाहीत, परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत बसल्या. मला त्या रात्री झोप लागली नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही तो फोटो आठवला की घशाशी येतं.

नंतर मी तो अर्ज मिळवून वाचला. कराराची तारीख, पेटंटची संख्या, प्रसिद्ध झालेले निबंध, किती विद्यार्थ्यांनी भेट दिली, उलाढाल किती वाढली. यंत्र दुसऱ्या हंगामात चालू आहे का, हे कुठल्याच रकान्यात विचारलेलं नव्हतं. कामगारांना काय वाटतं, तेही नव्हतं. आमच्या यंत्रावर प्राध्यापकांनी निबंध लिहिला होता, त्यात शेवटी 'स्थानिक मजुरांचे आभार' असं एक वाक्य होतं. मी प्राध्यापकांना ते दाखवलं. ते भले माणूस, त्यांनी चूक कबूल केली आणि पुढच्या प्रदर्शनातल्या फलकावर काकींचं पूर्ण नाव आणि गाव छापलं. काकींनी तो फलक नातवाकडून दोनदा वाचून घेतला.

देवगडचा मुलगा आता ब्रिटनमध्ये एमएससी करतोय. त्यानं तिकडच्या एका योजनेबद्दल आवाजी निरोप पाठवला, तो मी चार वेळा ऐकला. १९७५ साली ती 'टीचिंग कंपनी स्कीम' या नावानं सुरू झाली, २००३ पासून तिला 'नॉलेज ट्रान्सफर पार्टनरशिप' म्हणतात. त्यात कंपनी असते, विद्यापीठ असतं, आणि तिसरा एक पदवीधर, जो त्या कंपनीतच बसून वर्षभर ते तीन वर्षं तेवढंच एक काम करतो. पगार विद्यापीठाकडून, खर्चाचा मोठा भाग सरकारचा, छोट्या कंपनीनं साधारण तिसरा हिस्सा उचलायचा. आणि पुरस्कार द्यायची वेळ येते तेव्हा त्या तिसऱ्या माणसासाठीही वेगळा गौरव ठेवलेला असतो. "मॅडम, म्हणजे मी," असं म्हणून तो थोडा थांबला होता. मला त्या थांबण्याचं वाईट वाटलं. आम्ही त्याला हंगामाचे नऊ हजार आणि दोन वेळचं मासे-भात दिलं होतं. प्रमाणपत्र त्याला महाविद्यालयानं चौघांच्या नावानं एकच दिलं, आधी पळालेल्या तिघांसकट.

म्हणून जे कारखानदार महाविद्यालयाकडे जाऊ बघतायत त्यांना सांगते, करारावर सही करायची घाई करू नका. आधी पोराला एक अख्खा मे तुमच्याकडे राहू द्या. यंत्राचा नकाशा कुणाच्या मालकीचा ते कागदावर आणा, आम्ही आणला नाही आणि भोगलं. विद्यार्थ्याला रोजच्या रोज पैसे द्या, नंतर देऊ म्हणू नका. आणि रोज संध्याकाळी वहीत लिहा, आज कुणी काय सुचवलं. त्या स्क्रूचा शोध कुणाचा यावर उद्या वाद झाला तर माझ्याकडे तारखेसकट काकींचं नाव आहे.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा शेडचे पत्रे उडाले, आठ दिवस वीज नव्हती, रातांब्यांचा सडा पडला होता. यंत्र बंद. काकींनी आडाळी काढली, बाकीच्या बायकांनी घरून आपापल्या आणल्या, आणि त्या वर्षीची सोलं सगळी हाताची. देवगडच्या मुलानं तेव्हा पुण्याहून फोन करून विचारलं, हातानं फिरवायचा दांडा बसवून देऊ का? पुढच्या हंगामात येऊन बसवूनही दिला.

यंदा त्याच पुरस्कारासाठी अर्ज मागवले. या वेळी मी भरला. प्राध्यापकांची सही घेतली, सरांची घेतली, ते आता निवृत्त झालेत. 'प्रकल्पातील प्रमुख संशोधक' या रकान्यात मी दोन नावं लिहिली, पहिलं काकींचं, दुसरं देवगडच्या मुलाचं. पंधरा दिवसांनी अर्ज परत आला. काकींच्या नावापुढे 'शैक्षणिक अर्हता' रिकामी राहिली आहे, ती भरावी किंवा नाव वगळावं, असा शेरा होता. मी त्या जागी लिहिलं, 'आडाळीवर रातांबे फोडण्याचा अनुभव, ४१ हंगाम', सोबत सतरा वह्यांपैकी दोन वह्यांच्या झेरॉक्स जोडल्या आणि सोमवारी पोस्टानं अर्ज पुन्हा पाठवला.