आमची वाटचाल : ‘एवढ्याशा पिनेचे एवढे पैसे?’

गाडीच्या एसीतला गॅस खर्च होत नसतो. तो पेट्रोल नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी निघून गेला, एवढंच. हे वाक्य आमच्या दुकानाच्या भिंतीवर लाल अक्षरांत रंगवलेलं आहे, आणि याच वाक्यापायी एकेकाळी आमचं शटर कायमचं खाली यायची वेळ आली होती.

लातूरला नांदेड रोडला दुकान टाकलं ते 2004 साली. त्याआधी आयटीआय, मग पुण्यात भोसरीला एका उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी. उस्तादांकडे लीक शोधायचा एक दिवा होता. त्याची रबरी नळी सांध्यांजवळून फिरवायची आणि ज्योतीकडे बघत राहायचं. निळसर ज्योत हिरवी झाली की लीक तिथेच. आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. तो दिवा एसीच्या जुन्या बारा नंबरच्या (आर-12) गॅसचा. त्याच्या जागी 134 नंबरचा (आर-134ए) गॅस आला आणि दिवा निकामी झाला, कारण ज्योत हिरवी व्हायला गॅसात क्लोरीन लागतो आणि 134 मध्ये तो नाही. मी निघालो तेव्हा उस्तादांनी तो दिवा मला दिला. अजून दुकानात खिळ्याला टांगलेला आहे. दोघा-तिघांनी विकत मागितला, दिला नाही.

सुरुवातीची हत्यारं मोजकीच होती. दाब मोजायचं पितळी बॉडीचं गेज, एक टू-स्टेज व्हॅक्यूम पंप, ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा आणि मुंबईहून मागवलेलं पिन काढायचं हत्यार. या शेवटच्याबद्दल थोडं लिहितो, कारण आमचं नाव झालं ते त्याच्यामुळे. गॅस भरायच्या पोर्टच्या आत एक पिन असते. कॅटलॉगात तिला श्रेडर व्हॉल्व्ह म्हणतात. मूळ रचना टायरसाठी, 1890 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये झालेली. स्प्रिंगवर बसलेली सुई, तिच्या पोटाशी इवलासा रबर. पिन लीक असली तर साधा मिस्त्री सगळा गॅस सोडून देतो, पिन बदलतो आणि पुन्हा भरतो. या हत्याराला मध्ये बॉल कॉक असतो आणि मागे लांब दांडा. पोर्टवर बसवायचं, कॉक उघडून दांडा आत ढकलायचा, पिन उलटी फिरवून मागे ओढायची, कॉक बंद. जुनी पिन हातात आणि गॅस जागच्या जागी. नवी पिन त्याच वाटेने आत. तेव्हा त्या हत्याराची किंमत आमच्या महिन्याच्या भाड्याइतकी होती. बायकोने विचारलं, “हे काय सोन्याचं हाय का?” उत्तर दिलं नाही. हंगाम संपायच्या आत पैसे वसूल झाले.

2013 पर्यंत बरं चाललं. त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. पत्रा जाऊन स्लॅब आला, एक होते ते तीन हेल्पर झाले.

2014 च्या उन्हाळ्याआधी रस्त्याच्या पलीकडे एक दुकान उघडलं. नाव घेत नाही; धंद्यातल्या लोकांना कळायचं ते कळेल. भलामोठा फ्लेक्स : ‘गॅस फुल्ल, फक्त 800. अर्ध्या तासात.’ आमच्याकडे गाडी आली की आम्ही आधी लीक शोधणार, दुरुस्ती करणार, मग निदान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे आतली हवा आणि दमटपणा पंपाने ओढून काढणार, पंप बंद करून गेजचा काटा हलतो का ते बघणार, आणि मग बॉनेटखालच्या स्टिकरवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकाच गॅस वजनकाट्यावर मोजून सोडणार. अर्धा दिवस जातो. पलीकडे व्हॅक्यूमच नव्हता. नळी लावली, अंदाजाने गॅस सोडला, व्हेंटला हात लावून “बघा साहेब, गारेगार” म्हणून पैसे घेतले. गिऱ्हाईक आम्हाला विचारायचं, “तो अर्ध्या तासात करून देतो, तुम्हालाच दिवस कसा लागतो?”

याच्यावरही माझं फार म्हणणं नव्हतं. ज्याचा त्याचा धंदा. पण तो गिऱ्हाइकाला सांगायचा की इंजिन ऑइलसारखा एसीचा गॅसही दर उन्हाळ्याला बदलावाच लागतो, आणि हे लातूरकरांना पटलं. शिकली-सवरलेली माणसं, क्लासेस चालवणारे प्राध्यापक, दर मार्चला त्याच्या दारात रांगेत. लीक तसंच ठेवून वर गॅस भरणं म्हणजे फुटक्या हौदात टँकर ओतणं, हे आम्ही कंठशोष करून सांगत होतो. ऐकतो कोण? “तुम्ही जास्त सांगता” असं म्हणून लोक रस्ता ओलांडायचे.

त्याच्याकडे एकदा जाऊन आलेल्या गाड्यांच्या पोर्टवर टोपण नसायचं. ज्याला लोक धूळ अडवायचं झाकण समजतात ते टोपण खरं तर दुसरं सील असतं, आत ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी असते त्याच्या. पिन थोडी झिरपत असली तरी चांगलं टोपण गॅस धरून ठेवतं. ते गेलं की आपल्याकडची धूळ सरळ पिनेवर, पुढच्या वेळी नळी लावताना तीच धूळ पिनेबरोबर आत दाबली जाते आणि रबरावर कायमची रेघ पडते. मग पुढच्या उन्हाळ्याला गॅस गेलेला असतोच. टोपणं मुद्दाम फेकायचा की पोरं हरवायची, ते त्याचं त्याला ठाऊक.

पुढे त्याच्या गाड्यांमधून घरगुती सिलिंडरचा वास यायला लागला. एलपीजी मिसळत होता. खोटं कशाला बोलू, तो गॅस गार चांगलं करतो. पण पेटतोही. आणि कूलिंग कॉइल असते डॅशबोर्डच्या आत, माणसं बसतात तिथे. अशी एक गाडी आमच्याकडे आली. आधी गॅस कुठे भरला हे मालकाने सांगितलं नाही. बँकेचं कर्ज काढून आम्ही नुकतंच रिकव्हरी मशीन, म्हणजे गाडीतला गॅस ओढून टाकीत साठवणारं मशीन, घेतलं होतं. त्या गाडीतला मिसळलेला गॅस मशीनच्या टाकीत गेला आणि आतला सगळा चांगला गॅस बाद झाला. तेव्हापासून आम्ही कुठलीही गाडी मशीनला जोडण्याआधी थंड इंजिनावर नुसतं गेज लावून प्रेशर बघतो. बाहेर 35 अंश असेल तर 134 चं प्रेशर 114 पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं माप) आसपास यायला पाहिजे, 40 अंशाला 133 च्या. आकडा त्याहून बराच जास्त दिसला की आत काहीतरी दुसरं आहे. या धंद्यात नवीन असाल तर हा तक्ता भिंतीला चिकटवून ठेवा.

त्यात दुष्काळ. सलग दोन वर्षं पावसाने पाठ फिरवलेली, मांजरा धरण कोरडं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं. आम्ही ते घागरीत बघितलं. पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती. वॉशिंग सेंटर बंद, मार्केट यार्डात मालाची आवक नाही, व्यापाऱ्यांच्या गाड्या दारात उभ्या. एसीवाल्याचं वर्ष मार्च ते जून या चार महिन्यांवर चालतं, आणि ते चार महिने असे गेले. ज्याच्या घरी प्यायला पाणी नाही तो गाडीचा एसी करायला येत नाही, आणि आलाच तर 800 वाल्याकडे जातो. दोन हेल्पर गेले. एक पुण्याला गेला, त्याचं काही नाही. दुसरा रस्ता ओलांडून पलीकडे गेला, ते मात्र लागलं. त्याला पिन काढायचं हत्यार धरायला मी शिकवलं होतं.

बँकेचा हप्ता थकला. घरमालकाने भाड्याचं विचारणं बंद केलं, याचा अर्थ दुकान दुसऱ्याला द्यायचं त्याने मनात धरलेलं होतं.

त्या दिवसांत आडतवाले काका नसते तर हे लिहायला मी दुकानदार राहिलो नसतो. तूर-सोयाबीनची आडत, पांढरी जुनी एस्टीम. गाडी मुळात बारा नंबरच्या गॅसची. ती आम्हीच 134 वर केली होती. ऑइल बदललं, ओलावा शोषणारा ड्रायर बदलला, ओ-रिंगा हिरव्या टाकल्या, पोर्टला अडॅप्टर लावले. अशा अडॅप्टरच्या पिना फार त्रास देतात. काकांची लो साइडची, म्हणजे कमी दाबाच्या बाजूची पिन दर दोन-तीन वर्षांनी झिरपायची आणि ते न कुरकुरता यायचे. एकदा घाई होती म्हणून यार्डाबाहेरच्या पंक्चरवाल्याकडून टायरची पिन बसवून घेतली. दिसायला तशीच. आठवड्यात रबर फुगून गॅस साफ. टायरच्या पिनेचा रबर वेगळा असतो. एसीचा गॅस आणि त्यातलं ऑइल त्याला सोसत नाही. “मला वाटलं, पिन ती पिन,” असं म्हणत स्वतःवरच हसले.

तर 2016 च्या त्या उन्हाळ्यात आडतही थंड होती. काका दुपारी आमच्या दुकानात खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे. मी म्हटलं, “काका, घरी कूलर सोडून इथं कशाला उकडायलाव?” म्हणाले, “रिकाम्या दुकानात कुणी पाय ठेवत नसतंय. माणूस दिसला की माणूस येतंय.” एक रुपयाची मदत त्यांनी केली नाही, मी मागितलीही नाही. पण जो ओळखीचा व्यापारी रस्त्याने दिसेल त्याला हाक मारून बसवायचे, चहा मागवायचे, आणि त्याच्या गाडीचं बॉनेट उघडायला लावायचे. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. दिवाळीनंतर यार्ड हललं, आणि पलीकडच्या गाड्या एकेक करून कंप्रेसर जाम होऊन आमच्याकडे यायला लागल्या. व्हॅक्यूम न करता भरलं की आत हवा आणि दमटपणा राहतो. एसीचं ऑइल पाणी ओढून घेतं, आतून गंज धरतो, आणि 800 चं काम पंधरा-वीस हजारांवर जातं. त्यातल्या निम्म्या गाड्या काकांनी पाठवलेल्या. मशीनचं कर्ज 2019 ला फिटलं.

आता लोक विचारतात, ही पिन घरी बदलता येईल का? विचारत नसाल तरी सांगतो. घरी तपासणी जरूर करा. इंजिन बंद ठेवून टोपण काढा, पोर्टात साबणाच्या पाण्याचे दोन थेंब टाका आणि जरा वेळ थांबा. बुडबुडा फुगला तर पिन झिरपतेय. ते पाणी पुसा, ओ-रिंग असलेलं नवं टोपण हाताने घट्ट बसवा, आणि दुकान गाठा. कित्येकदा नुसत्या टोपणाने हंगाम निघतो. स्क्रू ड्रायव्हरने पिन दाबून ‘गॅस आहे का’ बघायला जाऊ नका. इंजिन बंद असलं तरी आत टायरच्या तिपटीहून जास्त दाब असतो, आणि बाहेर उडालेला पातळ गॅस उणे 26 अंशाला उकळतो. बोटाची कातडी पांढरी पडते, डोळ्यात गेला तर दवाखाना. गॅस असताना साध्या पान्याने पिन उलटी फिरवली तर ती गोळीसारखी सुटते. आणि पिन आवळताना जोर नको, रबर कापला जातो. दोन्ही पोर्टच्या पिना एकाच मापाच्या असतील असंही धरून चालू नका. जुनी काढून, शेजारी ठेवून, तशीच घ्या.

‘गाडी तर उभीच होती, मग गॅस गेला कसा’ हा आणखी एक नेहमीचा वाद. एसी चालू असतो तेव्हा लो साइडला तीस-चाळीस पीएसआय असतात. गाडी उभी राहिली की दोन्ही बाजू समान होतात आणि त्याच पिनेवर शंभराच्या वर दाब येतो. मे महिन्यात उन्हात उभी गाडी जास्त गळते ती यामुळे.

काका आता गाडी चालवत नाहीत. एस्टीम मुलगा वापरत नाही, पण विकूही देत नाही. मागच्या मार्चमध्ये पिन बघायला आणली होती. काही महागड्या नव्या गाड्यांत 1234 वायएफ गॅस यायला लागलाय, त्याची पोर्टं वेगळी, मशीन वेगळं, आणि तो थोडा पेटतोही. त्यासाठी पुन्हा कर्ज काढायचं की नाही यावर घरात चर्चा चालू आहे. गिऱ्हाईक मात्र तेच. हत्यार लावून पाच मिनिटांत पिन बदलली, गॅसचा थेंब वाया जाऊ दिला नाही, की पाकीट काढता काढता ठरलेलं वाक्य येतं, एवढ्याशा पिनेचे एवढे पैसे?

पलीकडचं दुकान 2018 ला तिथून उठलं. आता अंबाजोगाई रोडला आहे, बोर्ड आणखी मोठा आहे, आणि 800 चे 1200 झालेत. व्हॅक्यूम पंप त्याने अजून घेतलेला नाही. आमच्याकडून तिकडे गेलेला तो पोरगा परवा स्वतःची गाडी आमच्याकडे घेऊन आला, तेव्हा त्यानेच सांगितलं.