कबड्डीचं शरीर, घाटाचा रस्ता: जूनअखेरची नोंद

उंची पाच फूट सात इंच, वजन 81 किलो. कॉलेजपासून तिशीपर्यंत कोपऱ्यात उभं राहून पकडी केल्या. त्यामुळे मांड्या जाड, पोटऱ्या भरलेल्या, खांदे रुंद. ध्येय साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचं.

आधी आकडे. एप्रिलमध्ये हार्ट रेट 145 वर ठेवला की किलोमीटरला आठ मिनिटं लागायची, आता 7:20 लागतात. वजन मात्र दोनच किलो उतरलंय. म्हणजे सुधारणेचा मोठा वाटा दमाचा आहे, काट्याचा नाही. जाड अंगाच्या धावकांना पहिला सल्ला ‘आधी वजन कमी कर’ हाच मिळतो, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

तरी वजनाचा हिशेब टळत नाही. ऑक्सिजन वापरण्याची क्षमता किलोमागे मोजतात, आणि चढावर प्रत्येक किलो स्वतःच वर न्यावा लागतो. माझा जोडीदार जुना खो-खोपटू, 58 किलोचा. सपाटीवर आम्ही गप्पा मारत बरोबरीने धावतो. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट सुरू झाला की दुसऱ्या वळणापर्यंत माझं बोलणं बंद होतं आणि तो तसाच बोलत राहतो. उन्हाळ्यात फरक आणखी वाढतो, कारण लहान अंगाला वजनाच्या मानाने त्वचा जास्त मिळते आणि उष्णता लवकर बाहेर पडते.

वजन कुठे आहे यालाही महत्त्व आहे. बुटाचं वजन 100 ग्रॅमने वाढलं की धावण्याचा खर्च साधारण एक टक्क्याने वाढतो. तेवढंच वजन कमरेला असेल तर फारसं जाणवतही नाही. केनियाच्या कालेंजिन जमातीतल्या धावकांच्या बारीक, लांब पोटऱ्यांची इतकी चर्चा होते ती यामुळेच. माझ्या पोटऱ्या तशा होणार नाहीत, आणि त्याची मला खंत नाही. उंचीचं गणितही सरळ नाही. केनियाचा मॅरेथॉनपटू किपचोगे साडेपाच फुटांच्या आसपास, तर 2003 मध्ये लंडनची मॅरेथॉन 2:15:25 तासांत धावलेली पॉला रॅडक्लिफ 173 सेंटिमीटरची.

आता खेळाच्या पार्श्वभूमीबद्दल. कबड्डीत चढाई 30 सेकंदांची. पकडीत दोन-तीन सेकंद सगळी ताकद लावायची, मग पुढच्या चढाईपर्यंत श्वास घ्यायला वेळ मिळतो. शरीर त्या झटक्यांसाठी घडलंय, तासभर एका लयीत चालण्यासाठी नाही. खो-खोत पाठलाग आणि हुलकावणी जास्त वेळ चालते, त्यामुळे तिथला खेळाडू या बाजूला लवकर रुळत असावा. आपल्या माण तालुक्यातली ललिता बाबर खो-खोतूनच धावण्याकडे आली आणि 2016 मध्ये रिओला 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली.

जुन्या खेळाडूला खरी काळजी घ्यावी लागते ती वेगळ्याच ठिकाणी. हृदय आणि स्नायू जुनी सवय पटकन उचलतात. स्नायूबंध आणि नडगीचं हाड मात्र सावकाश तयार होतात, आणि एकाच दिशेने हजारो वेळा पाऊल आपटण्याची त्यांना सवयच नसते. दम म्हणतो अजून पाच किलोमीटर जाऊ, नडगी म्हणते थांब. रोज सकाळी घोट्याच्या चार बोटं वर, नडगीच्या आतल्या कडेवर अंगठा फिरवून बघतो. एका बिंदूवर कळ आली तर त्या दिवशी सायकल. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाच सावकाश खाली सोडायचा व्यायाम एक दिवसाआड चालू आहे.

कबड्डीने दिलेली एक गोष्ट मात्र घाटात उपयोगी पडते: उतार. ही शर्यत अर्धी चढाची, अर्धी उताराची. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असताना ब्रेक लावतात, आणि वर्षानुवर्षं चढाईपटूचा झटका गुडघे वाकवून झेललेल्या मांड्या तिथे टिकतात. गेल्या रविवारी उतारावर जोडीदाराला गाठलं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना तो कठडा धरत होता, मी नाही.

जुलैभर चढ चालत-धावत करणार, हार्ट रेट 160 च्या खाली ठेवून. उतारावर पावलं आखूड आणि भरभर. इथे कुस्ती किंवा कबड्डीतून आलेलं कुणी असेल तर वजन, 145 च्या हार्ट रेटचा पेस आणि नडगीची स्थिती जरूर कळवा. मला आपल्या बांध्याच्या लोकांचे आकडे हवे आहेत.