रोजची गाडी, लोअर आर्मचे बुश आणि सोमवारचं ऑफिस

परदेशात आल्यावर आपल्यातले बरेच जण सेकंडहँड गाडी घेतात, ती रोज चालते, आणि मग एक दिवस पुढून आवाज यायला लागतो. ब्रेक मारला की पायाखाली खट्ट, रिव्हर्स घेताना ब्रेक मारला की परत खट्ट. हायवेला गाडी सरळ जातच नाही, सारखं स्टिअरिंग धरून बसावं लागतं आणि पुढचे टायर कधी कधी आतल्या कडेने घासायला लागतात. अशा वेळी जो तो आधी शॉकअप बदलायला सांगतो. पैसे घालवायची ही सगळ्यात लोकप्रिय पद्धत! शॉकअप बिचारे ठीक असतात, गेलेले असतात लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या लोखंडी आर्मचे, बुश.

बुश म्हणजे काय तर आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी रिंग आणि मधे दोघांना चिकटवलेलं रबर. बऱ्याच गाड्यांत एका आर्मला असे दोन असतात, पुढचा लहान नि कडक, मागचा मोठा नि मऊ. ब्रेकचे आणि खड्ड्यांचे धक्के मुख्यतः मागचा पचवतो म्हणून बहुतेक वेळा आधी तोच फाटतो. काही गाड्यांत त्याच्या आत तेल भरलेलं असतं, ते गळून आर्मवर काळा ओघळ दिसला की समजायचं संपला. रबरावर वरवर बारीक चिरा दिसल्या म्हणून लगेच घाबरू नका, जुन्या रबराला त्या पडतातच. टॉमी (लोखंडी पहार) अडकवून आर्म हलवून बघा, रबर लोखंडापासून सुटलेलं दिसलं किंवा आर्म भलताच सरकला तर मात्र बदला.

इथे मजुरी एवढी असते की घरीच करू असं वाटतंच, आणि करता येतं. पण नुसते बुश आणू नका, अख्खा आर्म आणा. जुना बुश काढायला आणि नवीन बसवायला प्रेस (दाबून बसवायचं यंत्र) लागतो, शिवाय बुशच्या रबरात ज्या फटी असतात त्यांची दिशा ठरलेली असते, बुश फिरून बसला तर लवकर फाटतो. नवीन आर्मवर बुश बसवूनच येतात, बहुतेक वेळा बॉल जॉइंटही (आर्मला चाकाच्या बाजूला जोडणारा गोल सांधा) सोबत मिळतो, आणि ज्या गाडीने सोमवारी ऑफिसला जायचंय तिच्यासाठी हे बरं. पॉलीयुरेथेनचे बुश टाक असं सांगणारे भेटतील, ते टिकतात खरे पण रस्त्याची थरथर आत येते आणि ग्रीस सुकलं की कुईकुई चालू. रोजच्या गाडीला साधं रबरच बरं असं माझं मत आहे.

थंड देशात असाल तर खरी मारामारी बोल्टशी. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि बोल्ट आतल्या नळीतच गंजून बसतो. गंज सोडवायचं तेल आदल्या संध्याकाळीच मारून ठेवा. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही म्हणजे नाही. स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या बारची) लिंक दोन्ही बाजूंची सोडा, एकच सोडली तर बार ताणात राहतो आणि आर्म नीट खाली येत नाही. बॉल जॉइंट सुटला की हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर ओढला जाऊ देऊ नका, अॅक्सल (चाक फिरवणारा दांडा) आतल्या टोकाला निसटू शकतो आणि ब्रेकच्या होजवर पण ताण येतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. नवीन आर्म लावला, बोल्ट घातले, की हात शिवशिवतात लगेच आवळायला, पण चाक लोंबकळत असताना बुशचे बोल्ट फायनल आवळायचे नाहीत. बोल्ट आवळला की आतली नळी जागच्या जागी पक्की होते आणि तिथून पुढे आर्म वरखाली होतो तो फक्त रबर पिळून. लोंबकळत आवळलात तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर ओल्या फडक्यासारखं कायम पिळलेलं राहतं, उभ्या गाडीतसुद्धा, आणि नवीन बुश लवकरच फाटतो. म्हणून बोल्ट फक्त टेकवून ठेवा, मग आर्मखाली चाकाच्या बाजूला जॅक लावून गाडी स्टँडवरून किंचित उचलू लागेपर्यंत वर घ्या, किंवा रॅम्पवर चढवा, आणि मग टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) आवळा. आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. पुष्कळ गाड्यांत आधी ठरलेला टॉर्क आणि वर बोल्ट आणखी 90 अंश फिरवायचा वगैरे असं असतं, ते बोल्ट ताणले जातात म्हणून एकदाच वापरायचे, नवीन बोल्ट आर्मसोबतच मागवा.

मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं. त्याची अपॉइंटमेंट पार्ट ऑर्डर करतानाच घेऊन ठेवा, नाहीतर तोवर स्टिअरिंग वाकडं धरून फिरावं लागेल आणि टायर घासतील ते वेगळंच. एवढं करूनही छोट्या खड्ड्यांत टकटक राहिली तर त्या स्टॅबिलायझरच्या लिंकचे जॉइंट हाताने हलवून बघा, बहुतेक तेच निघतात.