लेकरू अडखळलं, आणि समोरच्यांच्या माना खाली गेल्या

आज परभणीत शाळेच्या कार्यक्रमात एक लेकरू भाषण मधेच विसरलं. नजर जमिनीला, ओठ दाबलेले, बोटं शर्टाच्या गुंडीशी. समोर बसलेल्या बायकांनीही पदर तोंडाला लावला! दुसऱ्याची फजिती बघताना आपल्या मेंदूतले इन्सुला आणि सिंग्युलेटचा पुढचा भाग जागे होतात. दुसऱ्याला लागलेलं बघतानाही हेच भाग. लाजल्यावर लाली येते ती सिंपथेटिक नसांमुळं (शरीराला आपोआप सावध करणाऱ्या नसा), चेहऱ्याच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावून. ती ठरवून आणता येत नाही, म्हणून बघणाऱ्याला खरी वाटते. आपल्याकडच्या सावळ्या रंगावर ती फारशी दिसत नाही. नजर आणि मान वाचावी लागते. "बघा कसा लाजला!" असं कृपा करून म्हणू नका, त्यानं लाली आणखी चढते. पुढचा शब्द हळूच सुचवा.