दुसऱ्या माळ्यावरचं पिंप

योनीतून स्राव जाण्याच्या तक्रारीवर आम्ही देतो ते गोळ्यांचं हिरवं किट आमच्या समोर गिळलेलं असतं. सेक्निडॅझोल २ ग्रॅम, फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम, दोन्ही एकाच वेळी, वरून पाणी. तरी महिन्याभरात तीच बाई "मॅडम, परत पांढरं जातंय, वास मारतोय" म्हणत आली, तर तिने गोळी चुकवली असं म्हणायला जागा उरत नाही. पुण्याच्या बुधवार पेठेत, वेश्यावस्तीतल्या एका इमारतीतून अशा परतणाऱ्या बायका वाढायला लागल्या. नोंदवहीतले पत्ते लावून पाहिले तर जवळजवळ सगळ्या दुसऱ्या माळ्यावरच्या निघाल्या. पहिल्या माळ्यावर तेवढ्याच खोल्या, तसंच गिऱ्हाईक, कंडोमसुद्धा आमच्याच पेटीतले. तिथल्या तक्रारी मात्र तुरळक.

म्हणून स्पेक्युलम (योनी उघडून आत बघायचं उपकरण), सूक्ष्मदर्शक आणि बाकीचं सामान घेऊन एका शुक्रवारी दुपारी तिथेच बसलो. दुपारी बायका उठलेल्या असतात आणि धंद्याची वेळ व्हायची असते. अक्का ही आमची पीअर, म्हणजे बायकांमधलीच कार्यकर्ती, स्वतः त्याच गल्लीत वीसेक वर्षं काढलेली. तिने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं: उद्या तपासणी आहे, सकाळपासून आतून धुऊ नका.

पहिल्याच बाईला स्पेक्युलम लावलं आणि वास आला तो फिनेलचा.

योनीच्या तपासणीत नाकाला काम असतंच. स्रावावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकल्यावर सडक्या मासळीसारखा वास आला तर तो बॅक्टेरियल व्हजायनोसिसच्या (बीव्ही, म्हणजे योनीतल्या जंतूंचा समतोल बिघडून होणारा आजार) चार खुणांपैकी एक धरतात. इथे थेंब टाकायच्या आधीच खोलीभर फरशी पुसल्याचा वास. आतलं अस्तर लालभडक, मधे मधे पांढुरके पापुद्रे सुटलेले, कापसाचा बोळा लागला की रक्ताचे ठिपके. ही नुसती जंतूंची करणी नव्हती, हे रसायनाने भाजलेलं होतं. विचारलं तर म्हणाली, "डॉक्टर बघणार म्हणून चांगलं धुतलं." पुढच्या तिघींचं तेच. अक्का कपाळाला हात लावून बसली. निरोपाचा परिणाम असा उलटा नेहमीच होतो. घाणेरडं अंग डॉक्टरला कसं दाखवायचं, ही लाज त्यामागे असते, आणि धुतल्यावर नेमका तपासायचा स्राव निघून जातो. त्या चौघींना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. या वेळी "धुऊ नका" असं न म्हणता "घाण असली तरच आम्हाला रोग दिसतो" असं सांगितलं. ते लागू पडलं.

तपासणीचं थोडं सविस्तर सांगते, कारण घाईत इथेच चुका होतात. स्पेक्युलम नुसत्या कोमट पाण्याने ओलं करायचं, जेली लावायची नाही. नमुना योनीच्या बाजूच्या भिंतीवरून घ्यायचा, गर्भाशयाच्या तोंडाजवळून नाही. तिथला स्राव मुळातच अल्कधर्मी असतो आणि आम्लता मोजायची पट्टी उगाच जास्त पीएच, म्हणजे कमी आम्लता, दाखवते. वीर्य आणि पाळीचं रक्तही तेच करतं, म्हणून शेवटचं गिऱ्हाईक कधी, कंडोम फाटला होता का, पाळी कधी आली, हे आधी विचारायचं. निरोगी योनीचा पीएच ३.८ ते ४.५. त्याच्या वर गेला, स्राव पातळ आणि एकसारखा पांढुरका असला, वास आला आणि काचपट्टीवर दर पाच पेशींत एकीहून जास्त पेशी जंतूंनी कडा झाकलेल्या दिसल्या, यातल्या तीन खुणा जुळल्या की बीव्ही. ट्रायकोमोनास, म्हणजे संबंधातून लागणारा एकपेशी परजीवी, बघायचा तर सलाइनचा थेंब गार नको आणि काचपट्टी दहा मिनिटांच्या आत बघायला हवी. गार झाला की तो हलायचा थांबतो आणि पांढऱ्या पेशींत हरवतो. दह्यासारखा घट्ट स्राव, खाज आणि पीएच साडेचारच्या आत असेल तर बुरशीकडे वळायचं.

दोन दिवसांत तपासलेल्या अकराजणींपैकी सातजणींना बीव्ही होता. एकीला त्यासोबत ट्रायकोमोनास. बुरशी एकीलाच.

आता पिंपाकडे येऊ. पुण्यात गुरुवारी पाणी बंद असलं की महापालिकेच्या निवेदनात पुढचं वाक्य ठरलेलं असतं: शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल. दुसऱ्या माळ्यापर्यंत पाणी चढायचं तर सहा-सात मीटर उंची, म्हणजे नळात ०.६ ते ०.७ बार दाब हवा. जुन्या पेठेतल्या गंजलेल्या पाइपात एरवीही तो जेमतेम असतो. पहिला माळा भरून घेतो आणि दुसऱ्याला खालून हंडे वर न्यावे लागतात. वर २०० लिटरचं एक पिंप, बायका अकरा. माणशी अठरा लिटर. त्यात आंघोळ, कपडे, स्वयंपाक, संडास. दिवसाला आठ गिऱ्हाइकं आणि दर वेळी धुवायला एक टमरेल म्हटलं, तरी आठ लिटर तिथेच संपतात. घरवालीने, म्हणजे कोठा चालवणाऱ्या बाईने, मग नियम घातला होता: गिऱ्हाईकामागे अर्धं टमरेल. पाणी कमी पडतं म्हणून त्यात औषध टाकायचं.

ते औषध मोरीच्या कट्ट्यावर, पाण्याच्या जुन्या प्लास्टिक बाटलीत ठेवलेलं होतं. लेबल नाही, सुटं आणलेलं. पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं. दुकानात मिळणारं अंगाला लावायचं जंतुनाशकही पाण्यात तसंच दुधाळ होतं, म्हणून दोन्ही एकच असा समज. हे होतं पांढरं फिनेल. त्याच बाटलीतून संडास धुतला जायचा आणि त्याच बाटलीतलं झाकणभर अर्ध्या टमरेलात पडायचं. जळजळ झाली की बायका समाधानाने सांगायच्या, "लागतं म्हणजे जंतू मरतात."

मरतात हे खरंच, पण आधी मरतात ते लॅक्टोबॅसिलस, योनीतले चांगले जंतू. योनीच्या पेशींतल्या ग्लायकोजेन या साखरेच्या साठ्यापासून ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्यामुळेच तिथली आम्लता टिकते. ही राखण गेली की बीव्ही करणाऱ्या गार्डनेरेलासारख्या जंतूंना मोकळं रान. अंगाच्या साबणाचा पीएच नऊ-दहा असतो, तोही आत गेला तर हेच करतो. लिंबू, तुरटी, हळद, सगळं या मोरीत सापडलं. तुरटी घट्टपणासाठी. तिने अस्तर कोरडं पडतं, घर्षणाने चिरा पडतात, कंडोम फाटतो. बाई वास आला म्हणून जास्त धुते, जास्त धुतल्याने वास वाढतो, आणि मधे मधे आम्ही हिरवं किट देत राहतो. बीव्ही असलेल्या बाईला एचआयव्ही लागण्याचा धोका साधारण दीडपटीच्या वर जातो, म्हणून हे नुसतं वासाचं प्रकरण नाही.

संडासातून लागण होते, असं वरच्या सगळ्याजणी ठामपणे सांगत होत्या. तसं होत नाही, त्या एका संडासाचा दोष वेगळा आहे. तो तळमजल्यावर आहे, रात्री जिना उतरायचा म्हणून बायका तासन् तास लघवी दाबतात आणि मूत्रमार्गाचा संसर्ग ओढवून घेतात. "खाली जळतं" या एका तक्रारीखाली दोन्ही आजार येतात, त्यामुळे लघवीची पट्टी लावल्याशिवाय सोडू नये.

एकीची गोष्ट वेगळी निघाली. वास इतका की अक्काने खिडकी उघडली, आणि तिने तर फिनेल वापरलंच नव्हतं. स्पेक्युलम पूर्ण आत गेल्यावर मागच्या खाचेत काळपट काहीतरी दिसलं: आंघोळीच्या स्पंजचा कापलेला तुकडा. पाळीत सुट्टी मिळत नाही, म्हणून स्पंज किंवा कापूस आत सारून गिऱ्हाईक घेतात, आणि दाबाने तो वर सरकतो. एक घातलाय हे विसरून तिने दुसरा घातला होता. दुसरा निघाला, पहिला राहिला. असा तुकडा स्पंज-होल्डिंग फोर्सेप्सने पकडून सावकाश, वळवत काढायचा, नाहीतर तुटून अर्धा आत राहतो. बाहेर येताच पाण्याच्या भांड्यात बुडवून पिशवी बांधायची, नाहीतर खोलीत थांबता येत नाही. मग ताप, नाडी, रक्तदाब बघायचा, अंगावर पुरळ आहे का ते बघायचं, आणि बोटाने गर्भाशयाचं तोंड हलवून दुखतंय का तपासायचं. दुखलं तर पिवळं किट (ओटीपोटातल्या संसर्गाच्या गोळ्यांचं) आणि गरज पडल्यास दवाखाना. हिला ताप नव्हता. "पाळीत काम करू नका" हा सल्ला घरभाडं रोजच्या रोज मोजणाऱ्या बाईला देण्यात काही अर्थ नाही. तिला सांगितलं ते एवढंच: नवा तुकडा, एका वेळी एकच, काही तासांत बाहेर, आणि पलंगाच्या कडेला खडूने रेघ मारायची, काढला की पुसायची.

भाजलेल्या चौघींना आतली मलमं दिली नाहीत. अशा अस्तरावर त्यांचीही आग होते. फिनेल बंद, साधं पाणी, बाहेरूनच धुणं, कोमट पाण्यात बसणं. बीव्हीसाठी मेट्रोनिडॅझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. गिऱ्हाइकासोबत दारू घ्यावी लागते म्हणून या गोळ्या बायका मधेच सोडतात, तेव्हा वेळा तिच्या कामाशी जुळवून द्याव्या लागतात: एक उठल्यावर, एक संध्याकाळी तयार व्हायच्या आधी. कोरडेपणासाठी पाण्यात विरघळणारी जेली. खोबरेल किंवा व्हॅसलीन लावलं की लॅटेक्स कमकुवत होतो, आणि हे दोन्ही तिथल्या प्रत्येक फळीवर होतं.

घरवालीशी बोलणं सर्वांत लांबलं. ती काही वाईट बाई नाही, फिनेल तिने पदरच्या पैशाने, काळजीपोटी आणलं होतं. नळाला थेट मोटर लावणं बेकायदा आहे, त्यामुळे खालच्या टाकीत पाणी साठवून तिथून वर ५०० लिटरच्या टाकीत चढवायचं, हा एकच मार्ग. त्याचा खर्च ती आणि बायका मिळून करणार का, यावर तासभर घासाघीस झाली. तोवर मोरीत नळाचा ५० लिटरचा कॅन ठेवला, फक्त धुण्यासाठी, स्वयंपाकाला हात लावायचा नाही. नळ बारीक सोडला की बाहेरून धुवायला अर्धा लिटर पुरतं. टमरेलाने तेवढं काम करायला दुप्पट पाणी सांडतं.

महिन्यानंतर पुन्हा पाहिलं, तेव्हा बीव्हीच्या सातपैकी चौघींचा पीएच साडेचारच्या आत आला होता. एकीने घरवालीपासून लपवून साबण चालूच ठेवला होता. उरलेल्या दोघींनी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं होतं, तरी स्राव होता, आणि दोघींचाही कायमचा माणूस आहे. गिऱ्हाइकाला कंडोम, घरच्याला नाही, हे इथे सगळीकडेच. त्यातली एक ट्रायकोमोनासवाली, तिच्या माणसाला गोळ्या दिल्याशिवाय सुटका नव्हतीच. बीव्हीत पुरुषाला औषध देऊन उपयोग नाही असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो, पण २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत जोडीदारालाही सात दिवस मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि लिंगावर २ टक्के क्लिंडामायसिन मलम दिल्यावर बारा आठवड्यांत आजार परतण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आलं. ती जोडपी एकमेकांशीच संबंध ठेवणारी होती, इथे ते गणित जसंच्या तसं बसणार नाही. तरी दोघांनाही बोलवायचं ठरलंय. एक रिक्षा चालवतो, रविवारी सकाळी मोकळा असतो. दुसऱ्याने "मला काही झालेलं नाही" म्हणून फोन ठेवला. अक्का म्हणते, त्याला औषधाचं नाव न सांगता आधी बीपी तपासायला बोलवा. मी म्हटलं, खोटं सांगून नको. यावर आमचं अजून ठरलेलं नाही.