शिवडीतलं बाराचं ऊन

माझे बाबा संगमरवरावर नावं कोरायचे. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्या हातच्या कितीतरी शिळा आहेत, पण त्यांचं स्वतःचं नाव एकीवरही नाही. तशी पद्धतच नसते. म्हणून त्यांच्या हातच्या शिळा ओळखायला गेली चार वर्षं मी हार्बर लोकलने शिवडीला उतरते आणि ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा एक रोल घेऊन आत जाते. आधी फाटकावर परवानगी विचारते. दफन चालू असेल तर कॅमेरा पिशवीतच राहतो.

व्हीटी स्टेशनचे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स (मृत्यू १९००) आणि गेटवेचे जॉर्ज विटेट (मृत्यू १९२६) इथेच विसावले आहेत. मला मात्र मराठी शिळांपाशी जास्त वेळ लागतो. ‘ख्रिस्तवासी’ या शब्दातला जोडाक्षराचा गुंता कुणी कसा सोडवलाय, ते बघत मी बसते. बाबा म्हणायचे, "आधी शिरोरेषा सरळ मार, मग अक्षरं तिला टांग."

सकाळच्या कोवळ्या उन्हाचं सगळे कौतुक करतात. अक्षरांसाठी ते वाईट. पूर्वेकडे तोंड केलेल्या शिळेवर ते थेट समोरून पडतं, खाचेत सावली उरत नाही आणि कोरलेलं सगळं पुसल्यासारखं दिसतं. बाराच्या सुमाराला तेच ऊन दगडाला घासत वरून उतरतं आणि प्रत्येक रेघेला बारीक काळी कड येते. झाडाखालच्या शिळेसाठी मी घरातला आरसा नेते. कॅमेरा ट्रायपॉडवर, टायमर लावलेला, आणि मी बाजूच्या उन्हात उभी राहून कवडसा शिळेवर तिरका सोडते. अक्षरं उठून दिसावीत म्हणून काहीजण खडू फासतात. कृपा करून तसं करू नका. ती भुकटी दगडाच्या छिद्रांत बसते.

पांढऱ्या दगडाने मला सुरुवातीला फार रडवलं. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं धरून चालतो, त्यामुळे संगमरवर सिमेंटसारखा यायचा. आता मी मीटर सांगेल त्याहून दीड स्टॉप प्रकाश जास्त देते (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). काळ्या दगडाला उलट, एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा. फिल्म आयएसओ ४०० ची. डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुण्याचं रसायन, २० अंशांवर हवं आणि आमच्या नळाचं पाणी कधीच तेवढं गार नसतं, म्हणून बादलीत बर्फ.

जुन्या इंग्रजी शिळांवर शिशाची अक्षरं असतात. खाचेत बारीक भोकं पाडून शिसं ठोकून बसवलेलं. कुठे ते गळून पडलंय, नुसती भोकं उरली आहेत, आणि त्या ठिपक्यांवरून नाव जुळवावं लागतं. रंगीत फोटोत तिथे आधी शेवाळ दिसतं. काळ्या-पांढऱ्यात भोकं दिसतात.

गेल्या महिन्यात एका मराठी शिळेचा ८ बाय १० चा प्रिंट बाबांना दाखवला. त्यातला ‘ई’ बघून मला खात्रीच वाटली होती. त्यांनी चष्मा लावला, थरथरत्या बोटाने त्या अक्षरावरून वळण काढलं, परत काढलं.

"हा माझा हात नाही," ते म्हणाले. "पण चांगला होता गं. कोण असेल?"

शनिवारी परत जाणार आहे. त्याच ओळीत तशाच ‘ई’च्या आणखी दोन शिळा आहेत.