दणदणीतग्रस्त वायनाड

मतमोजणीच्या दिवशी मराठी वर्तमानपत्राच्या डेस्कवर पहिला वाद होतो तो 'आघाडी' या शब्दावरून. 'आघाडी आघाडीवर', 'महायुतीला आघाडी', 'आघाडीची आघाडी घटली' अशी वाक्यं पानात गेली तर वाचकाने काय समजायचं? म्हणून २३ नोव्हेंबर २०२४ ला मोजणी सुरू व्हायच्या आधीच आम्ही ठरवून टाकलं होतं, की उमेदवार एक तर 'पुढे' असेल नाही तर 'मागे'. आघाडी म्हणजे फक्त महाविकास आघाडी. दुपारनंतर या नियमाची फारशी गरज उरली नाही, कारण आघाडी फारशी कुठे पुढे नव्हतीच.

मी पान एकवर होते. आदल्या रात्री पानाचे तीन डमी करून ठेवले होते: महायुतीला बहुमत, आघाडीला बहुमत आणि त्रिशंकू. त्रिशंकूवर सगळ्यात जास्त मेहनत घेतलेली. अपक्षांची चौकट, राज्यपालांपुढचे पर्याय, सगळं तयार होतं. जूनमध्ये याच राज्यात लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा आघाडीला आणि १७ महायुतीला मिळाल्या होत्या, त्यामुळे चुरस होणार हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं. दुपारी त्रिशंकूचा डमी कचऱ्यात गेला. संध्याकाळपर्यंत २८८ पैकी भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१ असे आकडे स्थिरावू लागले. समोर ठाकरेंचे २०, काँग्रेसचे १६, शरद पवारांचे १०. डेस्कवरच्या तिन्ही टीव्हींवर एकच शब्द दणाणत होता: 'लँडस्लाइड'. मराठी वाहिन्यांवरही तोच.

मराठीत अशा विजयाला शब्दांचा तुटवडा नाही, उलट जरा जास्तच आहेत. दणदणीत, घवघवीत, एकहाती, झंझावाती. हरणाऱ्यासाठी तर कोठारच भरलंय: धुव्वा, भुईसपाट, चारीमुंड्या चीत, सुपडा साफ. आणि 'पानिपत' आहेच. ते दर निवडणुकीत एकदा होतं, कधी कधी एकाच रात्री दोन जिल्ह्यांत. या शब्दाचा मला मनापासून कंटाळा आहे, पण शहर आवृत्तीच्या मंडळींना तो हवाच असतो.

आठच्या सुमारास देश-विदेशच्या पानाचं प्रूफ माझ्या टेबलावर आलं. खरं तर ते पान माझं नव्हतं, पण मोठ्या दिवशी प्रत्येक पान दोघांनी वाचायचं असा आमचा रिवाज आहे. केरळमधल्या वायनाड लोकसभा पोटनिवडणुकीची बातमी होती. शीर्षक ठीक होतं: 'वायनाडमध्ये प्रियांका गांधी यांचा दणदणीत विजय'. खालची पहिली ओळ वाचली आणि मी पेन खाली ठेवलं.

'दणदणीतग्रस्त वायनाड मतदारसंघातून...'

पुढे तिसऱ्या परिच्छेदात: '३० जुलैच्या दणदणीतात दोनशेहून अधिक जणांचा मृत्यू झाला होता. दणदणीतातील पीडितांचे पुनर्वसन हा प्रचारातील प्रमुख मुद्दा होता.'

हे कसं झालं ते कळायला वेळ लागला नाही. एजन्सीची इंग्रजी कॉपी ते पान करणाऱ्या मुलाने भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली होती. तो चार महिन्यांपूर्वी लागलेला प्रशिक्षणार्थी, आणि त्या दिवशी त्याच्या डोक्यावर सात-आठ राज्यांच्या पोटनिवडणुका. इंग्रजी कॉपीत लँडस्लाइड दोन्ही अर्थांनी आलेला: एकदा विजयासाठी आणि दोन-तीनदा वायनाडमधल्या मुंडक्कई-चूरलमला इथे कोसळलेल्या डोंगरासाठी. सॉफ्टवेअरने सगळीकडे इमानेइतबारे 'भूस्खलन' लिहिलं. 'भूस्खलन विजय' चुकीचं आहे हे मुलाला कळलं, एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. त्याने 'रिप्लेस ऑल' दाबलं. भूस्खलन गेलं, त्या जागी दणदणीत आलं, आणि शब्दाला चिकटलेले प्रत्यय जागच्या जागी राहिले.

"मॅडम, शीर्षक बघून मला वाटलं सगळं नीट झालं," तो म्हणाला. मी त्याला ओरडले नाही. पान सोडायला पंचवीस मिनिटं होती, ओरडायला नंतर वेळ मिळाला असता. दोघांनी बसून बातमी पुन्हा लिहिली.

तेव्हा त्याने एक प्रश्न विचारला, आणि प्रश्न चांगला होता. "पण मॅडम, एवढ्या मतांनी जिंकल्या, मग त्याला लँडस्लाइड म्हणायचंच ना?" प्रियांका गांधींना ६,२२,३३८ मतं होती आणि मताधिक्य ४,१०,९३१. आकडा प्रचंडच. पण २०१९ मध्ये राहुल गांधी तिथे ४,३१,७७० मतांनी जिंकले होते, आणि २०२४ च्या जूनमध्ये ३,६४,४२२ मतांनी. तिथे काहीच सरकलं नव्हतं. डोंगर होता तिथेच होता. इंग्रजीवाले एका मतदारसंघातल्या मोठ्या मताधिक्यालाही लँडस्लाइड म्हणतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला मात्र हा शब्द सगळ्या प्रदेशाने एकदम कूस बदलली तरच पटतो. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो राजकारणात रुळला तोही अशाच निकालांसाठी. राष्ट्राध्यक्ष रेगन यांना १९८४ मध्ये ५० पैकी ४९ राज्यं मिळाली, त्याला लँडस्लाइड म्हणायचं. अमेरिकनांनी त्याची थट्टाही केली आहे: पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले लिंडन जॉन्सन १९४८ मध्ये सिनेटची पक्षांतर्गत निवडणूक अवघ्या ८७ मतांनी जिंकले, तर लोकांनी त्यांना 'लँडस्लाइड लिंडन' हे नाव पाडलं. हे मुलाला फार आवडलं. आपल्याकडे त्या दिवशी नाना पटोले साकोलीत २०८ मतांनी आले होते. त्यांना काय म्हणायचं यावर डेस्कवर पाच मिनिटं हास्यविनोद झाला.

आणि शिवाय ते वायनाड होतं. जिथे चार महिन्यांपूर्वी डोंगर खरोखर खाली आला, तिथल्या विजयाला हा शब्द लावायचा नाही, एवढं तर कोणालाही कळावं. इंग्रजी कॉपीत तो कोणी लावला कोण जाणे, घाईतच लिहिला असणार. ३० जुलै ही तारीख आमच्या डेस्कला तशीही माहितीची. २०१४ मध्ये याच तारखेला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं, दीडशेच्या आसपास माणसं गेली. गाव जागेवर नाही हे पहिल्यांदा लक्षात आलं एसटीच्या चालकाच्या. त्या रात्रीही मी पानावर होते. आम्ही 'दरड कोसळली' लिहिलं होतं, भूस्खलन नाही. भूस्खलन आपण केदारनाथकडचं असलं की लिहितो. सह्याद्रीत दरड कोसळते.

नऊला पान एककडे परतले. संपादक शीर्षकाची वाट बघत उभे. सुचवण्या आल्या होत्या: 'त्सुनामी', 'महालाट', 'पानिपत' (शहर आवृत्तीकडून, अर्थात). मी म्हटलं, "सर, त्सुनामी नको."

"मग? विजय एवढा मोठा आहे, साधा शब्द कसा चालेल?"

मोठा होता, पण त्यात मला आकर्षण वेगळ्याच गोष्टीचं होतं. महायुतीची मतं जवळपास ४९ टक्के, आघाडीची ३५ च्या आसपास. चौदा टक्क्यांच्या फरकातून २३० विरुद्ध ४६. आपल्या पद्धतीत एका मताने पुढे असलेला पूर्ण जागा घेऊन जातो, त्यामुळे मतांचा उतार थोडा तीव्र झाला की जागा धडाधड खाली येतात. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनमध्ये मजूर पक्षाने ३४ टक्क्यांच्या जवळपास मतांवर ६५० पैकी ४११ जागा नेल्या होत्या, तिथेही वर्तमानपत्रांत हाच शब्द. आणि आपल्याच नांदेडमध्ये त्याच दिवशी लोकसभेची पोटनिवडणूक काँग्रेसने १,४५७ मतांनी जिंकली. म्हणजे ज्या रात्री काँग्रेस राज्यभर भुईसपाट झाली म्हणून आपण लिहितोय, त्याच रात्री तिचा एक खासदार निवडून आला. हे सगळं एका विशेषणात कसं बसवायचं?

तेवढ्यात मंत्रालयाचं वार्तांकन करणाऱ्या सहकाऱ्याचा फोन आला. विरोधी पक्षनेतेपदासाठी सभागृहाच्या एक दशांश, म्हणजे २९ आमदार लागतात असा संकेत, आणि विरोधातल्या एकाही पक्षाकडे तेवढे नाहीत. संपादकांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "आकडाच लावा." आठ कॉलम 'महायुती २३०', त्याखाली छोट्या अक्षरात 'एकाही विरोधी पक्षाला २९ चा आकडा गाठता आला नाही'. ना त्सुनामी, ना पानिपत. शहर आवृत्ती नाराज झाली.

पान सोडायच्या दहा मिनिटं आधी जाहिरात विभागाकडून जॅकेट, म्हणजे अंकावर गुंडाळायचं जाहिरातीचं पान, आलं. एका विजयी उमेदवाराच्या मित्रमंडळाचं पूर्ण पान अभिनंदन, उमेदवाराचा हात जोडलेला फोटो आणि वर भगव्या रंगात दोन इंची अक्षरं: 'लँडस्लाईट व्हिक्टरी!' मुद्रितशोधकांनी विचारलं, "हे 'लाईट' तरी दुरुस्त करू का?" जाहिरातीच्या मजकुराला आम्ही हात लावत नाही. तसंच छापलं.